एकच ओळ दोनदा छापली आहे, ही चूक आहे का?

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहतो. आमच्या शेजारचे बेने इस्राएल (मराठी बोलणारे यहुदी) काका-काकू गेल्या वर्षी मुलाकडे इस्राएलला कायमचे गेले. जाताना काकूंनी सब्जाची कुंडी, पितळेचे एक पातेले आणि प्रार्थनेचे एक जुने पुस्तक आमच्या हवाली केले. पुस्तकात एका बाजूला हिब्रू आणि दुसऱ्या बाजूला मराठी आहे. मी मराठी बाजू वाचत गेलो. एका पानावर 'पवित्र, पवित्र, पवित्र' असे वाक्य आहे आणि लगेच खाली तेच वाक्य पुन्हा, पण लांबवलेले. पुढच्या दोन वाक्यांचेही तसेच. हा जुळाऱ्याचा घोटाळा आहे की मुद्दाम केले आहे? मुद्दाम असेल तर कशासाठी? शिवाय पुस्तकाची बांधणी सुटली आहे, त्याचे काय करावे? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : जुळाऱ्याची काही चूक नाही. ते पान असंच असायला हवं. पण तुम्ही दुसऱ्या धर्माचं पुस्तक इतकं ओळ लावून वाचलंत, याचं मला मनापासून समाधान वाटलं. आम्हा बेने इस्राएलांतले कितीतरी जण ते पान रोज म्हणतात आणि ओळ दोनदा आली हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. मीही पस्तिशी उलटेपर्यंत त्यांच्यातलीच होते.

ती प्रार्थना 'उवा लेत्सियोन' या शब्दांनी सुरू होते. तुम्ही वाचलेली पहिली ओळ यशया संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातली आहे आणि समोरच्या बाजूला ती हिब्रूत आहे. देवदूत एकमेकांना हाक मारून म्हणतात, 'पवित्र, पवित्र, पवित्र, सेनाधीश परमेश्वर. सगळी पृथ्वी त्याच्या गौरवाने भरली आहे.' त्या बाजूची खालची ओळ मात्र हिब्रू नाही, अरामी आहे. लिपी एकच असल्यामुळे नजरेला फरक कळत नाही, जसा मराठी न येणाऱ्याला मराठी आणि हिंदीच्या पाट्यांतला कळत नाही. (ज्या चौकोनी अक्षरांना सगळे हिब्रू अक्षरं म्हणतात, ती मुळात अरामीकडूनच आलेली आहेत.)

आता त्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. यशया तीनदा 'पवित्र' म्हणतो आणि पुढे जातो. तीनदा का, ते सांगत नाही. अरामी ओळ थांबते आणि प्रत्येक 'पवित्र'ला त्याची जागा देते : उंच स्वर्गात, त्याच्या निवासाच्या घरी पवित्र, पृथ्वीवर, त्याच्या सामर्थ्याच्या कृतीवर पवित्र, युगानुयुगे पवित्र. आणि एक बारीक बदल बघा. हिब्रूत देवदूत 'एकमेकांना हाक मारतात'. अरामीत ते 'एकमेकांकडून घेतात आणि म्हणतात'. मला हा बदल फार आवडतो. म्हणणाऱ्याने आधी दुसऱ्याकडून घ्यायचं आणि मग म्हणायचं, हे त्या भाषांतरकाराला स्वतःच्या कामावरूनच सुचलं असेल असं वाटतं.

या अरामी भाषांतराला 'तार्गुम' म्हणतात. तुमच्या पानावर तीन ओळींचं तार्गुम आहे : यशयाची एक, यहेज्केल संदेष्ट्याची एक आणि निर्गम या पुस्तकातली 'परमेश्वर सदासर्वदा राज्य करील' ही एक. पूर्वीच्या काळी आख्ख्या तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, वाचनाबरोबर जे चालायचं, त्याची ही रोजच्या प्रार्थनेत टिकून राहिलेली खूण.

ते काय चालायचं, हे जरा सविस्तर सांगते.

यरुशलेमचं पहिलं मंदिर इसवी सनापूर्वी 586 साली पडलं आणि यहुदी लोक बाबिलोनला नेले गेले. तिथून पुढे कित्येक पिढ्या बाजारात, कचेरीत, घरात अरामी शिरत गेली. इराणच्या सम्राटांनी तर तीच कारभाराची भाषा केली. ती किती दूरवर पोचली होती? आपल्या सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत, तेच सोपारा जे 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्याच अशोकाने कंदाहारला लोकांना कळावं म्हणून एक लेख ग्रीक आणि अरामीत कोरून ठेवला. म्हणजे ही भाषा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

बाबिलोनहून लोक परतले, पण पोथीची हिब्रू सगळ्यांना नीट कळेना. नहेम्याच्या पुस्तकात आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. सातव्या महिन्याचा पहिला दिवस. पाणीवेशीसमोरच्या चौकात बायका-पुरुष सगळे जमले. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला आणि पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचत राहिला. ते स्पष्ट करून वाचलं, अर्थ सांगितला, आणि लोकांना ते समजलं. समजलं आणि लोक रडू लागले. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथातले पंडित त्या 'स्पष्ट करून' या शब्दावर बोट ठेवतात आणि म्हणतात, हेच तार्गुम.

पुढे सभास्थानात हे काम करणारा माणूसच ठरला. त्याला 'मेतुर्गेमान' म्हणत. वाचणारा गुंडाळीतून हिब्रू ओळ वाचायचा, थांबायचा; मेतुर्गेमान तीच ओळ अरामीत सांगायचा; मग पुढची ओळ. तोरातून एका वेळी एकच ओळ. संदेष्ट्यांच्या ग्रंथातून फार तर तीन. नियम कडक होते आणि मला त्यातला एकेक नियम वाचताना तो माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. वाचणाऱ्यापेक्षा त्याने आवाज चढवायचा नाही. हातात लिहिलेला कागद धरायचा नाही, सगळं तोंडपाठ. वाचणाऱ्याने त्याला मधेच शब्दही सुचवायचा नाही. का? ऐकणाऱ्याला वाटू नये की हे अरामी शब्दही गुंडाळीतच लिहिलेले आहेत. एकदा एका पंडिताने पाहिलं, एक जण खांबाला टेकून भाषांतर सांगतोय. त्याने तिथेच थांबवलं : हे शास्त्र सीनाय पर्वतावर भीतीने थरथरत मिळालं, तेव्हा आपणही तसंच उभं राहायचं. आणि एक गोष्ट सुंदर आहे. आंधळ्याला गुंडाळीतून वाचता येत नाही, पण मेतुर्गेमान होता येतं. फाटक्या कपड्यांतल्या माणसालाही होता येतं. लहान मुलालाही.

मी शाळेत मराठी शिकवलं, म्हणून एक शब्द इथे सांगावासा वाटतो. आपण 'ट्रान्सलेशन'ला अनुवाद म्हणतो. अनु म्हणजे मागून, वाद म्हणजे बोलणं. एकाने बोलल्यावर त्याच्या मागून बोलायचं. मराठी बायबलात मोशेच्या पाचव्या पुस्तकाचं नावच 'अनुवाद' आहे. मेतुर्गेमान जे करायचा, त्याला आपल्या भाषेत याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

आता घरचं सांगते.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की पपा त्या आठवड्याचा तोरातला भाग काढून बसायचे. जुना दंडक असा आहे की दर आठवड्याचा भाग दोनदा मुळातून आणि एकदा तार्गुममधून वाचावा. पपांना अरामी येत नव्हती. ते दोनदा हिब्रू वाचायचे आणि तिसऱ्यांदा मराठीत सांगायचे, कारण समोर आजी बसलेली असायची. आजी रेवदंड्याकडची, लिहिता-वाचता न येणारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पपांचं बोट हिब्रू ओळीवर आणि नजर आजीकडे. एक ओळ हिब्रू, एक ओळ मराठी. आजीला बरंचसं पाठ झालं होतं. पपांनी कंटाळून दोन ओळी एकत्र केल्या की ती म्हणायची, "घाई नको करूस रे, याकोब अजून नदीच्या अलीकडेच आहे."

दंडक इतका पक्का की तालमूद म्हणतं, 'अतारोथ आणि दीबोन'सुद्धा वाचा. तोरातल्या गणना या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातली ती नुसती गावांची नावं. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा यांचं भाषांतर काय करणार? तरी वाचायचीच. पपा ती नावं तिन्ही वेळा सारख्याच गंभीरपणे वाचायचे.

मी तेरा वर्षांची असताना याकोबाच्या परतीचा भाग चालला होता. त्याची बायको राहेल बेथलेहेमच्या वाटेवर बाळंतपणात जाते, याकोब तिथे दगड उभा करतो. आजी पदराने डोळे पुसत होती. पुढची ओळ पपांनी हिब्रूत वाचली आणि मराठी सांगितलंच नाही. थोडं थांबले आणि म्हणाले, "याकोबाला बारा मुलगे होते." आणि नावं सुरू केली. मला हिब्रू अक्षरं ओळखता येत होती. ओळ लांब होती आणि मराठी एवढंसं, हे मला दिसलं. रात्री मी कपाटातलं मराठी बायबल काढून पाहिलं. याकोबाच्या थोरल्या मुलाने, रऊबेनने, बापाच्या उपपत्नीशी केलेलं दुष्कृत्य होतं ते. दुसऱ्या दिवशी पपांना विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ती ओळ वाचायची असते, सांगायची नसते. माझ्या वडलांनी पण नाही सांगितली."

मला वाटलं, आजीसमोर लाजले. बावीस वर्षांनी मिश्नाचं, म्हणजे तालमूद ज्यावर उभं आहे त्या जुन्या नियमसंग्रहाचं, भाषांतर वाचताना मेगिला या प्रकरणाच्या शेवटी शेवटी ते वाक्य आलं : रऊबेनची गोष्ट वाचली जाते, भाषांतरित केली जात नाही. त्यापुढे तालमूदात एक हकिकत आहे. गालीलमधल्या काबूल नावाच्या गावात एक पंडित सभास्थानात गेला होता. वाचणारा नेमका त्या ओळीवर आला. पंडित मेतुर्गेमानला म्हणाला, थांब, फक्त शेवटचं सांग. आणि त्या ओळीचं शेवटचं म्हणजे 'याकोबाला बारा मुलगे होते.' इतर पंडितांनी त्याची वाखाणणी केली. ते पुस्तक मांडीवर ठेवून मी खूप वेळ नुसती बसून राहिले. पपांनी मिश्ना पाहिलीसुद्धा नव्हती. गालीलपासून रेवदंड्यापर्यंत आणि तिथून ठाण्यापर्यंत ही एक गप्प राहण्याची जागा कोणी, कशी आणली असेल? घरातल्या घरात, बापाकडून मुलाकडे. एकमेकांकडून घेतात आणि म्हणतात.

तुमच्या प्रश्नातला 'कशासाठी' अजून राहिलाय. आता अरामीही कोणाला कळत नाही, मग ती ओळ का ठेवली? तालमूदात एक वचन आहे : मंदिर पडल्यापासून जग दोन गोष्टींवर उभं आहे, एक तुमच्या पानावरची ही 'पवित्र'ची प्रार्थना आणि दुसरं 'येहे श्मे रब्बा', 'त्याचं थोर नाव धन्य असो', हे कद्दीशमधलं, म्हणजे माणूस गेल्यावरही म्हणतात त्या प्रार्थनेतलं, वाक्य. पहिलीत अरामी ओळी आहेत, दुसरं अख्खंच अरामी. पपा गेले तेव्हा माझ्या भावाने कद्दीश म्हटली. ज्या एका ओळीला सगळे मिळून साथ देतात, ती हीच. ती कधीकाळी लोकांना कळावी म्हणून त्यांच्या बोलीत केलेली ओळ आहे, हे मला तेव्हा ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती बदलून मराठी करावी असं मला वाटत नाही. तिच्या शेजारी मराठी उभी करावी असं मात्र फार वाटतं. आमच्या लोकांनी ते केलंही आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मुंबईत 1846 साली मराठीसह छापली गेली, पुण्यात 1874 साली. मोशेची, योसेफाची आख्यानं मराठी कीर्तनांत रंगली. तुमच्या पुस्तकाची मराठी बाजू त्याच वंशातली आहे. आता ठाण्यातली तरुण मुलं इस्राएलला गेली की हिब्रू घडाघडा बोलतात आणि मराठी बाजूला पडते. जी चार घरं आहेत त्यांत तरी शुक्रवारी कोणीतरी ओळीमागून ओळ मराठीत सांगावं, एवढी माझी कळकळ आहे.

सुटलेल्या बांधणीचं शेवटी सांगते. आधी बाकीची दोन पत्रं घेते, कारण ती याच विषयाची आहेत.

प्रश्न : मी वाशीला राहते आणि कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरे करते. शब्दाला शब्द ठेवला तर अर्थ निसटतो. अर्थ सांभाळला तर 'तुम्ही पदरचे घातले' असा ठपका येतो. धर्मग्रंथाचे भाषांतर करणाऱ्यांनी हा पेच कसा सोडवला? – एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : तुमचा पेच रब्बी यहूदा यांनी दुसऱ्या शतकातच एका वाक्यात मांडून ठेवला आहे : जो ओळ जशीच्या तशी भाषांतरित करतो तो खोटं बोलतो, आणि जो तिच्यात भर घालतो तो देवाची निंदा करतो. दोन्हीकडून कोंडी. यावर तालमूदाचं उत्तर असं की मग आपलं ठरलेलं तार्गुम तेच खरं. ते ठरलेलं तार्गुम म्हणजे तोराच्या पाच पुस्तकांचं ओंकलोसचं. परंपरा म्हणते, ओंकलोस बाहेरून यहुदी धर्मात आलेला माणूस होता. मला यात अर्थ दिसतो. भाषा बाहेरून शिकलेल्याला शब्दाचं वजन जास्त जाणवतं.

ओंकलोस बहुतेक वेळा मुळाच्या अगदी पावलावर पाऊल ठेवतो. 'प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी निर्माण केली' या ओळीत त्याने जवळपास शब्दागणिक शब्द ठेवला आहे. पण काही ठिकाणी तो ठामपणे वळतो. बाबेलचा बुरूज पाहायला परमेश्वर 'उतरला' असं मुळात आहे. ओंकलोस म्हणतो, परमेश्वर 'प्रकट झाला'. देवाला जिना उतरायला लावायचा नाही, ही त्याची शिस्त.

दुसरं उदाहरण माझ्या स्वयंपाकघरातलं. तोरात तीन ठिकाणी सांगितलंय, 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको.' ओंकलोस तिन्ही ठिकाणी लिहितो : 'मांस दुधाबरोबर खाऊ नका.' करडू गेलं, आई गेली, शिजवणं गेलं. शब्द पाहिले तर दुधाखेरीज जवळपास काहीच जागेवर नाही. पण तोपर्यंत लोक त्या ओळीचा अर्थ हाच घेऊन जगत होते, आणि त्याने जगण्यातला अर्थ लिहिला. आमच्याकडे मटणाच्या रश्शाला दही किंवा साय लागत नाही, नारळाचं दूध लागतं. कोकणात नारळ हाताशी होता म्हणून आमच्या आज्यापणज्यांना हा नियम कधी जड गेला नाही. खोबरं खवताना मला ओंकलोस आठवतो, हे अगदी खरं सांगते.

तिसरं उदाहरण तुम्हाला ठाण्याला आलात तर पाहता येईल. टेंभी नाक्याजवळचं आमचं सिनेगॉग 1879 सालचं. नाव 'शआर हाशामाईम', स्वर्गाचं दार. नाव याकोबाच्या तोंडचं आहे. शिडीचं स्वप्न पडून तो दचकून उठतो आणि म्हणतो, 'हे देवाचं घरच, हे स्वर्गाचं दार.' ओंकलोसने त्याचं असं केलं : 'ही साधीसुधी जागा नव्हे, परमेश्वराची प्रसन्नता जिथे आहे अशी ही जागा, आणि हे स्वर्गासमोरचं दार.' देवाला घर कसलं, म्हणून घर गेलं. आणि स्वर्गाचं दार पृथ्वीवर कसं असेल, म्हणून स्वर्गा'समोरचं' दार. एका शब्दयोगी अव्ययासाठी माणूस किती विचार करतो बघा. पायऱ्या चढताना मी मनात दोन्ही म्हणते, आधी हिब्रू, मग अरामी. हिब्रूत दाराला 'शआर', अरामीत 'तरआ'. आपल्याकडे पानी-पाणी, काला-काळा असतं ना, तसा हा श आणि त चा नियमित खेळ आहे. सोन्याला हिब्रूत 'झाहाव', अरामीत 'देहाव'. बहिणी-बहिणींच्या भाषा.

तुमच्या व्यवसायाची अवघड बाजूही त्यांनी सोसली आहे. संदेष्ट्यांच्या ग्रंथांचं तार्गुम योनाथान बेन उझिएलचं मानतात. त्याने ते सांगितलं तेव्हा इस्राएलची भूमी चारशे परसंग (अंतराचं जुनं माप) लांब आणि चारशे परसंग रुंद हादरली आणि आकाशवाणी झाली, माझी गुपितं माणसांना कोणी सांगितली? तो उभा राहिला आणि म्हणाला, मी. माझ्या मानासाठी नाही, माझ्या घराण्याच्या मानासाठी नाही, तुझ्यासाठी. लोकांत वाद माजू नयेत म्हणून. 'तुम्ही पदरचे घातले' असं पुन्हा कोणी म्हटलं तर योनाथानसारखं ताठ उभं राहून कारण सांगा.

ओंकलोसखेरीज आणखी तार्गुमं होती, जास्त मोकळी, गोष्टी गुंफत जाणारी. त्यातलं एक सबंध हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात होतं, पण यादीत ते ओंकलोस म्हणून नोंदलेलं. आलेहांद्रो दिएस माचो या स्पॅनिश अभ्यासकाने ते वेगळं असल्याचं ओळखलं आणि 1956 साली जगाला कळवलं. बाहेरची चिठ्ठी वाचून पुस्तक परत ठेवायचं नसतं, असं मी शाळेच्या ग्रंथालयात मुलांना सांगायचे, ते याच हकिकतीवरून.

प्रश्न : तार्गुम आणि आपला 'तर्जुमा' एकच का? आणि हे भाषांतर आज कुठे ऐकायला मिळते? – एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : एकाच कुळातले. 'तर्जुमा' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, आणि त्याचा माग मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेतल्या दुभाष्याच्या शब्दापर्यंत, 'तार्गुमान्नू'पर्यंत जातो. पेशव्यांच्या दफ्तरातला दुभाष्या आणि सभास्थानातला मेतुर्गेमान असे नात्यात निघतात.

ऐकायचं तर येमेनी ज्यूंकडे. अरबी बोलू लागल्यावर बहुतेक ठिकाणी जाहीर तार्गुम बंद पडलं, पण येमेनी सभास्थानांत आजही हिब्रू ओळ झाली की एखादा मुलगा उभा राहून ओंकलोसची ओळ म्हणतो. लहान मुलाला हे काम चालतं, हा मिश्नातला नियम तिथे अजून जिवंत आहे. युरोपातल्या अश्कनाझी ज्यूंकडे शावुओथच्या सणाला 'अकदामुथ' हे अकराव्या शतकातलं अरामी काव्य गातात. ते मुळात त्या दिवशीच्या तार्गुमची प्रस्तावना होतं. भाषांतर गेलं, नांदी उरली. आणि मुलगा तेरा वर्षांचा झाला की 'बार मित्स्वा' म्हणता ना, त्यातला 'बार' म्हणजे मुलगा, हा अरामीच. हिब्रूत 'बेन'. बेने इस्राएलमधला 'बेने' त्याचंच अनेकवचन.

आता नौपाड्याच्या वाचकांचं राहिलेलं. पुस्तक रद्दीत देऊ नका आणि नदीतही सोडू नका. त्यात देवाचं नाव आहे. अशी जीर्ण पुस्तकं आम्ही एका बाजूला ठेवतो, त्याला 'गेनिझा' म्हणतात, आणि पुढे ती दफनभूमीत मातीत ठेवतो. भाषांतराच्या बाबतीत हे जपणं फार जुनं आहे. ईयोबाच्या पुस्तकाचं अरामी भाषांतर कोणीतरी मंदिराच्या टेकडीवर रब्बान गमलिएल या पंडिताकडे आणलं, तेव्हा ते लिखित असल्यामुळे त्याला पसंत पडलं नाही. पण त्याने ते फाडलं नाही, जाळलं नाही. बांधकाम चालू होतं, गवंड्याला सांगून दगडांच्या थराखाली ठेवून दिलं. ईयोबाचंच एक अरामी भाषांतर मृत समुद्राकाठी कुमरानच्या अकराव्या गुहेतून दोन हजार वर्षांनी बाहेर आलं. ती गुहा सापडली तेही 1956 सालीच.

तुमचं पुस्तक अजून वाचण्याजोगं असेल तर आधी बांधून घ्या. गोखले रोडच्या बाजूला अजून हाताने शिवून बांधणारे मिळतात. त्यांना सांगा की हे उजवीकडून उघडतं, नाहीतर पानं उलटी लागतील. बांधण्यापलीकडे गेलं असेल तर शनिवार सोडून कुठल्याही दिवशी सकाळी टेंभी नाक्याला घेऊन या. पानं सुटी झाली असतील तर सगळी एका स्वच्छ कापडी पिशवीत घाला. हिब्रू निवडून वेगळी काढू नका. शास्त्रलेख कुठल्याही भाषेत लिहिलेले असले तरी ते गेनिझात ठेवायचे असं मिश्ना सांगते, तेव्हा मराठीची पानंही त्याच पिशवीत येऊ द्या.